कुकरसमोर बसवून भीती जात नाही

'ऑटिस्टिक मुलांची आवाजाची भीती २१ दिवसांत घालवा' हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला, चारही वेळा मी पुसून टाकला. मग तो ताईच्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे पोचला आणि त्यांनी तो खरा मानून अमलात आणला. म्हणून आता लिहितेय.

मुख्य उपाय असा: मूल ज्या आवाजाला घाबरतं त्याच्यासमोर त्याला रोज बसवा, कान झाकू देऊ नका, रडलं तरी उठू देऊ नका, 'कानाला सवय होते'. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. आबांनी त्याला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं, दोन्ही हात धरून ठेवले आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ताई ऑफिसातून लवकर आली तेव्हा त्याने ओठ चावून रक्त काढलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. सकाळी उठल्यापासून एकच प्रश्न, "शिट्टी कधी?" आबांचा नातवावर जीव आहे. माझा राग हा मेसेज लिहिणाऱ्यावर आहे.

सवय होते, हेच मुळात चूक. २०१५ साली 'जामा सायकिअ‍ॅट्री'त कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा अभ्यास आला. स्कॅनरमध्ये मुलांना रहदारीचा गोंगाट ऐकवला आणि अंगाला खरखरीत लोकरीचं कापड लावलं. इतर मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद पुन्हापुन्हा तेच झाल्यावर ओसरत गेला. ज्या ऑटिस्टिक मुलांना अशा गोष्टींचा जास्त त्रास होतो, त्यांच्यात तो तसा ओसरला नाही. मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या अमिग्डला या भागातही नाही. अभ्यास लहान होता, दोन्ही गटांत १९-१९ मुलं. तरी २१ दिवसांच्या हिशेबाला तेवढ्यानेच उत्तर मिळतं.

"पण थेरपीतही भीतीला सामोरं जायलाच शिकवतात ना?" असं ताईच्या नणंदेने विचारलं. शिकवतात, पण हात धरून नाही. पायरी लहान असते, मुलाला आधी माहीत असते आणि थांबवायचा हक्क त्याचा असतो. २०२० साली अमेरिकेत ७ ते १३ वयाच्या १६७ ऑटिस्टिक मुलांवर चाचणी झाली. चिंतेसाठीची नेहमीची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ऑटिस्टिक मुलांसाठी बदलून घेतलेली सीबीटी यांत बदललेली जास्त उपयोगी ठरली. आवाज कानाला बोचतो ती एक गोष्ट, आणि तो कधी येईल या धास्तीत दिवस काढणं ही दुसरी. थेरपीने हलकी होते ती मुख्यतः ही धास्ती.

आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या) गॅसचं बटण त्याच्या हातात दिलं. फळ्यावर तीन चौकोन, प्रत्येक शिट्टीला एक फुली. गळ्यात इअरमफ, लागले तर लावायचे. मोबाइलवर शिट्टीचं रेकॉर्डिंग, आवाज कमी-जास्त तोच करणार. गेल्या रविवारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "दोन झाल्या."

मेसेजमधल्या 'कान झाकणं म्हणजे लाडावलेपणा' याला उत्तर द्यायचीही इच्छा नाही. आवाज-स्पर्शाला येणारा असा तीव्र प्रतिसाद २०१३पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे.

मेसेज पुढे म्हणतो, 'हे सगळं मोबाइलमुळे.' ऑटिझमचं पहिलं मोठं वर्णन करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन १९४३ साली लिहिलं, त्यात व्हॅक्यूम क्लीनरला घाबरणारी मुलं आहेत. तेव्हा कुठला मोबाइल?

'थेरपी म्हणजे झोपाळे आणि चेंडू, पैसे उकळण्याचा धंदा.' इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. ब्रिटनमधल्या १३८ मुलांच्या चाचणीत या झोपाळे-चेंडूंच्या, म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीने वागणुकीतल्या अडचणी नेहमीच्या मदतीपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. तासभर झोपाळ्यावर बसवून फी घेणारं सेंटर आम्हीही सोडलंय. थेरपिस्टला सरळ विचारा: रोजच्या जगण्यातली कोणती गोष्ट सोपी व्हायला हवी, आणि ती झाली की नाही हे कधी तपासणार? उत्तर नसेल तर उठून या.

आणि एवढं सगळं सांगून मेसेजच्या शेवटी काय, तर स्टेम सेल उपचारासाठी फोन नंबर! ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ सालीच सांगितलंय. आबांनी तो नंबर सेव्ह करून ठेवला होता. काल त्यांनी स्वतःच फोन माझ्या हातात दिला आणि मी तो नंबर काढून टाकला.