काना लिपी कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानी काना लिपीवरच्या (म्हणजे हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांवरच्या) लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना हा क्रम आपलाच आहे. म्हणजे अक्षरंही भारतातूनच गेली. तुम्ही सगळं श्रेय चीनला दिलंत." क्रमाबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. 'म्हणजे'च्या पुढचं मात्र पटत नाही.

आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात चिनी अक्षरं अर्थ बाजूला ठेवून नुसत्या उच्चारासाठी वापरलेली दिसतात. तीच भराभर लिहिताना झिजली आणि हिरागाना झाली. बौद्ध भिक्षू चिनी ग्रंथांच्या ओळींमध्ये बारीक खुणा करत. तिथे जागा अपुरी, म्हणून अक्षराचा एखादा तुकडाच लिहीत. नवव्या शतकात त्यातून काताकाना घडली. 'वाढवणे' या अर्थाच्या एकाच चिनी अक्षरातून दोन्हींतला 'का' आला आहे: एकीकडे अख्खं अक्षर वळणदार होऊन, दुसरीकडे फक्त डावा भाग उरून.

शिवाय आपल्या का, कि, कु मध्ये 'क' डोळ्यांना दिसतो. काना लिपीत का, कि, कु ही तीन अगदी वेगळी चिन्हं आहेत, त्यांच्यात सामाईक रेघही नाही. ब्राह्मीच्या घराण्यातली लिपी अशी वागत नाही.

आता क्रम. तो सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या भिक्षूंमुळे आला, आणि त्याचा पुरावा फार सुंदर आहे. जपानी तक्त्यात ना नंतर हा आणि मग मा येतो. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण तिथे प-वर्ग हवा. पण जुन्या जपानीत या 'हा'चा उच्चार 'पा'सारखा होता! 'सा'ही तेव्हा च-वर्गाच्या जवळचा असावा, म्हणून तो का आणि ता यांच्या मधे बसला. उच्चार बदलले, जागा तशाच राहिल्या.

कुकाई या भिक्षूने काना निर्माण केली, अशी एक जुनी आख्यायिका आहे. ८०६ मध्ये चीनहून परतताना त्याने सिद्धम् ग्रंथ आणले, हे खरं. पण काना कुणा एकाने बसून रचलेली नाही. आणि मुलं शतकानुशतकं अक्षरं शिकली ती 'इरोहा' या, प्रत्येक काना अक्षर एकदाच येणाऱ्या कवितेच्या क्रमाने. आपल्या धर्तीचा क्रम शाळांत आणि शब्दकोशांत रुळला तो मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२).

भारतातून गेलेली अक्षरं शोधायचीच असतील तर ती जपानमध्ये आहेत. शिंगोन या बौद्ध पंथाच्या मंदिरांत आणि थडग्यांवर सिद्धम् मधले बीजमंत्र आजही लिहिले जातात, कानाहून अगदी वेगळ्या वळणात.