नुसतं ‘पाटील’ टाइप करून बघा

बेळगावात कुठल्याही कारखान्यात कामाला असाल तर मोबाइलमध्ये नुसतं ‘पाटील’ टाइप करून बघा. स्टोअरचे पाटील, मेंटेनन्सचे पाटील, निपाणीचे पाटील, ‘पाटील न्यू’, ‘पाटील न्यू २’. यातला भट्टीवाला कुठला? इकडं भट्टी ट्रिप होऊन बंद पडलीय, लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, लोखंड थंड होतंय आणि सुपरवायझर अंगठ्यानं यादी वर-खाली करत उभा. डोकं फिरतं ओ!

आणि दोष मोबाइलचा नाही. दोष याद्या करणाऱ्यांचा आहे.

ऑफिसच्या यादीत नाव असतं ‘एस. बी. पाटील’. अख्खा कारखाना त्या माणसाला शिवानंदअण्णा म्हणतो. मग शिवानंद टाइप करून सापडणार कसा? मोबाइल अक्षरं जुळवतो, उच्चार नाही. एकानं नाव देवनागरीत सेव्ह केलेलं, दुसऱ्यानं कन्नडात, तिसऱ्यानं इंग्रजीत. इंग्रजीतही आपल्याकडं दोन तऱ्हा. मराठी माणूस ‘सविता’ लिहिताना शेवटी टी-ए लिहितो, कन्नड वळणानं लिहिणारा टी-एच-ए. त्या एका एचपायी सविता मॅडम सापडत नाहीत. यावर उपाय आहे, पण करतंय कोण? नाव इंग्रजीत ठेवा, जास्तीचे रकाने उघडून ‘निकनेम’मध्ये देवनागरीत हाकेचं नाव घाला आणि ‘कंपनी’च्या रकान्यात खातं, म्हणजे डिपार्टमेंट, लिहा. सर्च निकनेम आणि कंपनीतही बघतो. ‘भट्टी’ टाइप केलं की माणूस समोर.

पण खरा राग येतो तो एक्सेलचा. नंबरांचा कॉलम ‘टेक्स्ट’ न करताच नंबर भरत सुटतात. +91 लावून नंबर टाकला की एक्सेल अधिकचं चिन्ह खातं, त्याला बारा आकडी संख्या समजतं आणि 9.19845ई+11 असलं काहीतरी दाखवतं. तीच शीट तशीच सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केली की दिसतंय तेच फाइलमध्ये जातं, शेवटचे आकडे कायमचे गेले! लँडलाइनचं तर विचारूच नका. बेळगावच्या 0831 कोडचा सुरुवातीचा शून्य एक्सेल उडवतं. उरतात 831 आणि पुढचे सात, म्हणजे बरोब्बर दहा आकडे. दिसायला मोबाइल नंबरच. माणूस तोच लावत बसतो, लागत नाही, आणि वर म्हणतो साहेबांचा फोन बंद आहे. नंबर भरायच्या आधी कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा की! एवढंच काम आहे. आधी नंबर भरून मग टेक्स्ट केलं तर गेलेला शून्य परत येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

काही ठिकाणी तर यादीचा फोटोच ग्रुपवर टाकतात. नोटीस बोर्डावरच्या कागदाचा, तिरका, ट्यूबलाइटची चमक आलेला. सहा की आठ तेच कळत नाही.

मोठ्या कंपन्यांत आउटलुकची, म्हणजे ऑफिसच्या ईमेलची, डिरेक्टरी असते. म्हणे सगळ्यांचे नंबर तिथं आहेत. आहेत, पण ते फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये आपोआप येत नाहीत. ‘सिंक कॉन्टॅक्ट्स’ चालू केलं तरी तुम्ही स्वतः सेव्ह केलेले तेवढेच उतरतात. म्हणून चिकोडीच्या युनिटमधून फोन आला की नुसता नंबर दिसतो आणि लोक तो लोनवाल्यांचा समजून कापतात.

ऑफिसनं एकच करावं. एका माणसाकडं हे काम द्यावं, सगळ्यांची मिळून एक व्हीसीएफ फाइल, म्हणजे उघडली की सगळी नावं-नंबर फोनमध्ये उतरतात ती, करावी आणि कोण आला-गेला की नवी पाठवावी. फाइल आवृत्ती 3.0 ची घ्या. 2.1 मध्ये देवनागरी आणि कन्नड नावं सांकेतिक अक्षरांत जातात आणि काही फोनवर नावाच्या जागी ‘=’ चिन्हं आणि आकडे-अक्षरांची नुसती रांग दिसते. घेणाऱ्यानं ती गूगल अकाउंटवर घ्यावी, सिमवर नाही. सिमवर नाव आणि नंबर सोडून बाकी रकाने टिकत नाहीत, म्हणजे खातं गेलं. नवी घ्यायच्या आधी जुनी नावं काढा, नाहीतर प्रत्येक जण दोनदा दिसेल. आणि एक्स्टेंशन असेल तर नंबराच्या शेवटी दोन स्वल्पविराम देऊन ते तिथंच लिहा. एका स्वल्पविरामाला फोन दोन सेकंद थांबतो आणि पुढचे आकडे आपोआप दाबतो. ऑपरेटरनं ‘होल्ड करा’ म्हणायची वाट बघायला भट्टीजवळ वेळ कुणाला आहे?