पेटीवाले काका, भाता जरा म्यूट करा

राग अजून उतरलेला नाही. त्यामुळे लिहिताना मधेच भलतीकडे गेलो तर चालवून घ्या.

एका खासगी एफएम केंद्रावरून फोन आला. केंद्राचं नाव घेत नाही. त्यांनीही माझं नाव धड घेतलं नव्हतं, तेव्हा फिटंफाट. जागतिक संगीत दिनाला हौशी कलाकारांचा कार्यक्रम करतोय, तुम्ही पेटी वाजवता असं कळलं, रेकॉर्डिंगला याल का? मी डायरी बघून सांगतो म्हणालो. डायरीत त्या दिवशी ‘गॅसवाला’ एवढंच होतं. मानधनाबद्दल चाचरत विचारलं, तर पलीकडून लाडिक आवाजात उत्तर आलं, “काका, एक्सपोजर मिळेल ना!” चोपन्नाव्या वर्षी एक्सपोजर म्हटलं की मला फक्त छातीचा एक्स-रे आठवतो. तरी गेलो.

मिरजेहून पेटी उचलून शेजारच्या शहरात, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. स्केलचेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी जडशीळ पेटी उचलून तीन जिने चढलेल्या माणसालाच कळतं की बासरीवाले एवढे प्रसन्न का असतात. वर काचेच्या दारामागे एक लाल सोफा, आणि सोफ्यावर ते गृहस्थ.

पन्नाशीचे असावेत. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, मांडीवर प्लास्टिकची फाइल. माझ्याकडे, मग पेटीकडे बघून त्यांनी विचारलं,

“काय लागलं तुमास्नी?”

मला वाटलं जिन्यात कुठे खरचटलं की काय. “काही नाही,” म्हणालो.

“मग आलाय कशाला?”

“वाजवायला आलोय. पेटी.”

“वाजवल्यावर काय मिळतंय?”

“काही नाही.”

ते पूर्ण माझ्याकडे वळून बसले. “कूपन बी न्हाई?”

“नाही.”

“च्या?”

“अजून तरी नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली. इस्लामपूरकडे त्यांचं भुसाराचं दुकान आहे आणि दुकानात दिवसभर रेडिओ चालतो. रेडिओवर जे जे प्रश्न विचारतात, त्या सगळ्यांची बक्षिसं हे जिंकतात. आजवर काय काय लागलं ते त्यांनी फाइल उघडून मला पानापानानं दाखवलं. वॉटर पार्कचं दोघांचं तिकीट. पिझ्झ्यावर पिझ्झा. जिमची तीन महिन्यांची मेंबरशिप. वधूच्या मेकअपवर तीस टक्के सूट.

“मुलगी आहे का लग्नाची?” मी विचारलं.

“मुलगीच न्हाई. दोन पोरं हायत. पन लागतंय तर सोडायचं कशाला?”

“मग वापरलं का कुणी?”

“त्ये कवाच संपलं.” तारखेवर बोट ठेवून ते अभिमानाने म्हणाले. सगळ्याच कूपनांची मुदत संपलेली होती. एकही फाटलेलं नव्हतं.

मग मला त्यांनी न विचारता शास्त्र सांगितलं. “गानं संपायच्या आधी डायल करायचा. ‘लाइन्स आर ओपन’ म्हनल्यावर करील तो येडा. एक मोबाइल वाजत ठेवायचा, दुसरा रीडायलला.”

“आणि प्रश्न? तो ऐकायला नको?”

“प्रश्नात काय अस्तंय? ए न्हाईतर बी. बी म्हनायचं.”

अडचण एकच होती. एका माणसाला तीस दिवसांत एकदाच बक्षीस घेता येतं. त्यावरही त्यांचा तोडगा तयार होता. पहिलं स्वतःच्या नावानं, मग बायकोच्या, मग मेव्हण्याच्या. “आज मी पुतन्या हाय,” आवाज खाली आणून ते म्हणाले, आणि पुतण्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स दाखवली. फोटोत विशीतला, दाट केसांचा पोरगा होता. समोर बसलेल्यांचा चंद्र पौर्णिमेचा. “बघत न्हाईत ओ कोन,” ते म्हणाले.

थोडा वेळ गप्प बसून त्यांनी पुन्हा पेटीकडे बघितलं. “किती वर्सं वाजवताय?”

“लहानपणापासून.”

“आनि अजून काय बी लागलं न्हाई?”

या प्रश्नाला ए नव्हतं, बी नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं आणि गळ्यात हेडफोन लटकवलेली निवेदिका, म्हणजे त्यांच्या भाषेत आरजे, बाहेर आली. मी पेटीसकट उठून उभा राहिलो. ती माझ्या खांद्यावरून बघत किंचाळली, “ओ माय गॉड, आमचे सुपर लिसनर! आत या ना, एक बाइट घेऊ या!” पुतण्या माझ्याआधी आत गेला. काचेतून दिसत होतं, तो हातवारे करून बोलत होता आणि ती पोट धरून हसत होती. मी खाली बसलो. चहा त्यालाच आला.

माझी पाळी आली तेव्हा त्यांना दुपारच्या जेवणाची घाई झाली होती. पेटी टेबलावर ठेवली. तांत्रिक बाजू बघणाऱ्या पोराने माइक आणून थेट भात्याच्या तोंडाशी लावला. मी म्हटलं, अरे बाळा, सूर वरून, पट्ट्यांकडून येतो, मागे नुसती हवा असते. तो म्हणाला, काका, लेव्हल येतेय. लेव्हल आली. मी भीमपलास राग सुरू केला, चार आवर्तनं झाली असतील, आणि आरजेने हात वर केला.

“काका, मधेमधे हा फुस्स-फुस्स आवाज कसला येतोय?”

“भात्याचा.”

“तो म्यूट करता येईल?”

“भाता बंद केला तर पेटी बंद होईल.”

“मग भाता आधीच मारून ठेवा ना, नंतर फक्त वाजवा.”

गुजरातेतल्या पालिताण्याचे खास सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, बसवून घेतलेली, दर पावसाळ्याआधी उघडून पुसलेली माझी पेटी, आणि तिने श्वास आधीच घेऊन ठेवायचा! पोरगा म्हणाला, राहू दे, एडिटला काढू. तेवढ्यात पुढच्या पाहुण्या येऊन पोचल्या. त्या योगशिक्षिका होत्या.

इथे २१ जूनची भानगड सांगायला हवी. संगीत दिन फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झाला, त्याच तारखेला. पुढे २०१४ साली संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस योग दिवस म्हणून ठरवला. तेव्हापासून आपल्याकडे २१ जूनला सगळा देश चटईवर असतो आणि संगीताला चटईच्या कडेला जागा मिळते. आरजेला एकदम सुचलं, “आपण मर्ज करू या! काका बॅकग्राउंडला वाजवतील, मॅम अनुलोम-विलोम सांगतील.” आणि तसंच झालं. माझ्या आलापीवर बाईंनी श्रोत्यांच्या डाव्या-उजव्या नाकपुड्या उघडमीट केल्या. शेवटी त्या माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाल्या, “मागचा तो श्वासाचा आवाज फार सुंदर आलाय हं.”

पेटी आणि रेडिओ यांचं भांडण तसं जुनं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली. तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, निघत नाहीत, परदेशी वाद्य, असा सगळा आरोप. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडलं, तेही पूर्ण नव्हे, साथीपुरती. मधल्या काळात घरोघरची पोरं पेटीवरच सा लावायला शिकत होती, नाटकं पेटीवर उभी होती, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला मैफलीत मानाने बसवलेलं होतं. पु. ल. देशपांडे तर चांगले पेटीवादक आणि आकाशवाणीत नोकरीला. म्हणजे साहेब आत आणि पेटी दाराबाहेर. पण मला त्या बंदीचं आता कौतुकच वाटायला लागलंय. तिच्यामागे निदान कान होता. मींड म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसांनी पेटीला हाकललं होतं. भाता म्यूट करा म्हणणाऱ्यांनी नव्हे.

आकाशवाणीच्या ऑडिशनला लोकांनी कमी शिव्या घातल्या नाहीत. पण काचेमागे बसून कुणीतरी ऐकायचं. बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळायची, करार यायचा, मानधन यायचं. नापास झालात तर नापासाचंही पत्र यायचं, सरकारी शिक्क्याचं. आमचे एक शेजारी सुगम गायनात नापास झाले होते. ते पत्र अजून त्यांच्या कपाटात आहे, आणि ‘आकाशवाणीने मला ऐकलंय’ हे ते छातीवर हात ठेवून सांगतात.

आमच्या वयाची गोची अशी, की आकाशवाणीच्या तरुणांसाठीच्या ‘युववाणी’त वाजवायच्या वयात बँकेच्या परीक्षा दिल्या आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या कोजागरीला वाजवायला अजून सहा वर्षं आहेत. टीव्हीवरच्या स्पर्धांना पोरं लागतात, तीही रडणारी. गणपतीच्या मांडवात पूर्वी एक दिवस स्थानिक कलाकारांचा असायचा. तिथे आता डॉल्बी आहे. राहिले कराओके क्लब. हॉल भाड्याने घ्यायचा, माणशी पैसे भरायचे आणि ट्रॅकवर गायचं. रिटायर झालेले इंजिनिअर, दातांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळे गातात, मला त्याचा आनंदच आहे. पण वादकाने तिथे करायचं काय? ट्रॅकमध्ये पेटी कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेली असते. भात्यासकट.

आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथे येऊन राहिले ते हे गाव, मिळायलाच हवं होतं. मानांकन वाद्याला मिळालं. संध्याकाळी दिवा लागल्यावर ते घेऊन बसणाऱ्या आमच्यासारख्यांचं काय, ते कुठल्याच अर्जात बसत नाही. आणि या एफएमवाल्यांनी लिलावात कोट्यवधी मोजून फ्रिक्वेन्सी घ्यायची, ती याच गावांच्या हवेतली, आणि दिवसभर तीच तीच वीस हिंदी गाणी फिरवायची. सामुदायिक रेडिओवर निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा असं धोरण आहे. खासगीवाल्यांनाही हीच अट घातली असती तर किमान चहा तरी मिळाला असता.

२१ तारखेला सकाळी सगळं घर, वरचे-खालचे शेजारी, पुण्याची मावसबहीण मोबाइलच्या ॲपवर, अशी फौज रेडिओ लावून बसली. पुतण्याची मुलाखत आली, फार रंगली. वधूच्या मेकअपपाशी तर आमची हीसुद्धा हसली. मग नाकपुड्या आल्या. मग जाहिराती. मावसबहिणीचा फोन आला, “अरे, तुझं कधी आहे?” म्हटलं, झालं. “ते योगासनांच्या मागे कुणी तरी घोरत होतं, ते?”

हे इथे संपलं असतं. पण परवा सकाळी दाढी करताना रेडिओवर माझाच भीमपलास लागला. मोजून दहा सेकंद. “ओळखा पाहू, हे वाद्य कोणतं?” मला कुणी विचारलेलं नाही, कळवलेलं नाही. पहिला म्हणाला कॅसिओ. दुसरा म्हणाला, बँडवाल्यांचं असतं ते. तिसरा आवाज ओळखीचा होता, मात्र नाव मेव्हण्याचं होतं.

दहाच मिनिटांत मला फोन. नंबर कुठून मिळवला देव जाणे. “साहेब, तुमच्या पेटीवर सँडविच टोस्टर लागला! पर्यायच दिलं न्हवतं ओ, पन वळकलं. शेजारी बसलो हुतो न्हवं!”

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

“अजून काय काय वाजवता तुमी?” त्यांनी विचारलं. “आधी सांगून ठेवा.”