शाल, श्रीफळ आणि सनरूफ

नारळ पडला पहाटे पावणेसहाला. आवाज मात्र काचेचा आला, आणि पाठोपाठ कुठली तरी गाडी भोकाड पसरून रडायला लागली. तिसऱ्या मजल्यावरून वाकून बघितलं तर माझीच.

धावत खाली आलो तेव्हा एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात बायकोची. टपावर काल रात्रीपर्यंत सनरूफ होतं तिथे चौकोनी भोक. आणि आत, ड्रायव्हरच्या सीटवर, एक असोला नारळ मजेत बसलेला. देठ वर, नजर स्टिअरिंगवर. किल्ली दिली असती तर निघालाच असता. आजूबाजूला खडीसाखर सांडावी तसे काचेचे खडे. टफन्ड काच अशीच फुटते. माणसाला कापू नये म्हणून तिचे सुरे होत नाहीत, खडे होतात. कापत नाहीत हे खरं, पण ते जातही नाहीत. तीन आठवडे झाले, परवा भाजीवाल्याला सुटे द्यायला खिशात हात घातला तर दोनाच्या नाण्याबरोबर एक खडा आला. भाजीवाला म्हणाला, “हे चालत नाही.”

गाडी २०१२ ची. सनरूफ फक्त टॉप मॉडेलला होतं आणि मी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले होते. १३ वर्षांत ते मी चार वेळा उघडलं. पहिल्यांदा शोरूमच्या दारात, फोटोसाठी. दुसऱ्यांदा लोणावळ्याला, माकडाने हात घालून चिक्कीचा पुडा नेला. तिसऱ्यांदा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मेट्रोचं खोदकाम चालू असताना. घरी पोचलो तेव्हा नुकताच प्लास्टर केल्यासारखा दिसत होतो. चौथ्यांदा भर पावसात, दिव्याचं बटण समजून. मुंबईत वरून ऊन, पाऊस, धूळ, कावळ्याचं आणि वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी एवढंच येतं. अशा शहरात टपाला भोक पाडून मागणारा माणूस कसा असेल? माझ्यासारखा.

तर मी असा एक चप्पल पुढे, एक मागे करत उभा होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. वय ७८, अंगात बनियन, हातात टॉर्च. मला वाटलं, आवाजाने घाबरून आले.

“नारळ कुठाय?”

मी गाडीकडे बोट दाखवलं. काकांनी टॉर्च मारला. झोत भोकावरून गेला, खड्यांवरून गेला, आणि नारळावर येऊन थांबला.

“काका, काच फुटली हो.”

“दिसतंय की. त्याला काही झालं नाही ना?”

मी दार उघडून नारळ काढून दिला. दीडेक किलोचा ऐवज. काकांनी तो कानाशी धरून हलवला. आमचे जुने फॅमिली डॉक्टर छाती तपासताना जसे डोळे मिटायचे, तसे डोळे मिटले. मग चेहरा उजळला.

“पाणी आहे! एवढ्या वरून पडून पाणी शाबूत. आमच्या नानांच्या हातचं झाड आहे.”

आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी काकांचं बैठं घर होतं. पार्ल्यात निम्म्या सोसायट्यांच्या पोटात असं एकेक बैठं घर आहे आणि त्या घराचा एकेक काका तळमजल्यावर शिल्लक आहे. घर गेलं, विहीर बुजली, चार माड तेवढे राहिले. कागदोपत्री ते सोसायटीचे आहेत. पण नारळ पडला की काकांना झोपेतही ऐकू जातं आणि सोसायटीला दिवसाढवळ्याही ऐकू येत नाही.

“काका, मी आत बसलेलो असतो तर?”

“तर पडला नसता.”

“म्हणजे?”

“नारळाला डोळे असतात. तीन. आजवर या झाडाचा नारळ माणसाच्या डोक्यावर पडलेला नाही.”

“मग एवढी गाडी कशी दिसली नाही त्याला?”

काका विचारात पडले. प्रश्न रास्त आहे असं त्यांनाही वाटलं असावं. त्यांनी टॉर्च परत भोकावर मारला, मग वर शेंड्याकडे, मग पुन्हा भोकावर. पोलीस पंचनाम्याला दोरी धरतात तसं.

“पत्रा असता तर दिसला असता. काच कशी दिसणार? त्याला वाटलं, उघडं आहे.”

यावर काय बोलणार? नारळाची बाजू इतकी भक्कम मांडली गेली होती की क्षणभर मलाच अपराधी वाटलं.

“मुळात छपराला काच हवी कशाला?” काका आता रंगात आले. “आमच्या गावच्या घराला कौलांत एकच कौल काचेचं होतं. ते कुठे? स्वयंपाकघरात. चुलीपुढे उजेड यावा म्हणून. तुम्ही काय गाडीत पोळ्या लाटता?”

“नाही.”

“मग? बरं, गाडी आणलीत तेव्हा नारळ वाढवला होतात?”

“हो, फोडला होता ना. शोरूममध्येच.”

“फोडला म्हणू नये. वाढवला म्हणावं.”

“वाढवला. आणि आज त्याच्या भाऊबंदाने माझी काच वाढवली.”

काका हसले नाहीत. त्यांनी नारळ काखेत मारला आणि निघाले. चार पावलांवर थांबून वळले. मला वाटलं, आता तरी ‘वाईट झालं हो’ म्हणतील. मी चेहरा तयार केला.

“ते तुमच्या गाडीचं बोंबलणं बंद करा. हिला आत्ता कुठे डोळा लागला होता.”

दोन दिवसांनी तळमजल्यावरून खोबऱ्याच्या वड्यांचा वास आला. फक्त वास.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने संध्याकाळी कागदावर हिशेब मांडून सांगितलं, “मामा, पन्नासेक फुटांवरून म्हणजे खाली येईपर्यंत ताशी ६० किलोमीटर वेग.” मी थक्क झालो. पार्ल्यातल्या रस्त्यांवर ताशी ६० ने काही आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. भाच्याला मात्र काचेपेक्षा गणित बरोबर आल्याचा आनंद जास्त होता.

रात्री सेक्रेटरींना गाठलं. इथे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण हे अजून घशात अडकलेलं आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत नारळ उतरवून घ्यायचा विषय आला होता. उतरवणारा माणूस झाडामागे ३०० रुपये मागत होता. चार झाडांचे १,२००. सभेत त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली, आणि पैशांवर नाही हं, ‘उतरवलेले नारळ कोणाचे’ यावर. काका म्हणाले, परंपरेने आमचे. दुसरा मजला म्हणाला, घरटी समान वाटा. कोणी तरी म्हणालं, सत्यनारायणाला ठेवा. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि चहा आला. त्या १,२०० रुपयांत माझी काच वाचली असती. म्हणजे नारळ झाडावर असताना त्याला दावेदार चोवीस, आणि तोच माझ्या सीटवर येऊन बसला की सेक्रेटरी म्हणतात, “ही नैसर्गिक आपत्ती आहे, सोसायटी काय करणार?” मी म्हटलं, निदान माझी पार्किंगची जागा बदला. तर वेटिंग लिस्ट. वर मला १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा ऐकवला, महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही म्हणून. जसा काही मी कुऱ्हाड घेऊनच आलो होतो.

मग विमा. फोनवरची मुलगी गोड बोलत होती, पण तिच्यापुढे ठरलेले प्रश्न होते.

“सर, समोरच्या पार्टीच्या गाडीचा नंबर?”

“समोरच्या पार्टीला गाडी नव्हती. नारळ होता.”

“ओके सर. ड्रायव्हरकडे लायसन्स होतं?”

“कोणाच्या? नारळाच्या?”

पलीकडे कीबोर्ड वाजला. तिने काय लिहून घेतलं देव जाणे.

तरी विम्यात बसत होतं, हे सांगायला हवं. अपघाती बाह्य कारण म्हणून नारळ चालतो. काचेला घसारासुद्धा लागत नाही; रबर आणि प्लास्टिकचे मात्र निम्मेच पैसे मिळतात. शिवाय आपल्या खिशातले १,००० रुपये सक्तीचे, आणि वर्षानुवर्षं जपलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला. तेही मान्य केलं. पण कंपनीला हवं सर्व्हिस सेंटरचं पक्कं बिल, आणि सर्व्हिस सेंटरच्या मते नुसती काच ही वस्तूच जगात नाही. फ्रेम, मोटर, रबर, काच अशी अख्खी असेंब्ली घ्यायची, ६४,००० रुपये. त्यालाही मी मान हलवली. तेव्हा कॉम्प्युटरात बघून तो मुलगा म्हणाला, “सर, पार्ट बंद झालाय.”

“मग?”

“सर, एक्स्चेंजचा विचार केलाय का? नवीन मॉडेलला पॅनोरमिक येतं. पूर्ण टप काचेचा.”

म्हणजे भोक आणखी मोठं. तेरा वर्षं त्यांच्याकडे सर्व्हिसिंग केलं आणि शेवटी गाडीला त्यांनी सरळ नारळ दिला.

हे सगळं चालू असताना जून लागलेला. बाजारातून निळी ताडपत्री आणली, टपावर पसरली, दारांच्या फटीतून दोरी ओवून घट्ट आवळली. आता गाडीत शिरायचं तर आधी गाठ सोडायची. या मोसमात मुंबईतल्या निम्म्या छपरांवर हीच निळी ताडपत्री असते, त्यामुळे गाडी परिसरात छान मिसळून गेली. ऑफिसातला एक जण म्हणाला, “श्रीफळ आधी मिळालं, आता शालही. सत्कार पूर्ण झाला.” ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून त्याचं नाव लिहून ठेवलंय.

शेवटी कुर्ला. सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात गाड्यांचं शवविच्छेदन चालतं. एका दुकानात नुसते दरवाजे, एकात नुसते डोळे. माझ्या मॉडेलचं नाव सांगितल्यावर दुकानदाराने वर न बघता पोराला हाक मारली आणि पोरगा माळ्यावरून काच घेऊन आला. कंपनीला न सापडलेली वस्तू, दोन मिनिटांत. वर कावळ्याची जुनी सहीसुद्धा होती.

“ओरिजिनल उतरा हुआ माल है साब. आठ हजार पाँच सौ.”

“बिल मिलेगा?”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “बिल का क्या करोगे? काच देखो.”

बिल नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे आठ दिवसांची फोनाफोनी पाण्यात. मी मुकाट्याने पैसे मोजले.

फिटर त्याच गल्लीतला. त्याने आतलं अस्तर उतरवलं आणि मला बोलावलं. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात; काचेच्या कडेने झिरपलेलं पाणी त्यांतून रस्त्यावर पडावं म्हणून. हे मला १३ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. डावीकडच्या पुढच्या नळीतून त्याने तारेने काळी माती काढली, कुजलेला पाला काढला, आणि शेवटी चिमटीत धरून दोन पानांचं पिंपळाचं रोप. दोन पावसाळे बायकोच्या पायाशी पाणी साचत होतं आणि मी दर वेळी एसीवाल्याशी भांडत होतो. त्या एसीवाल्याची इथे जाहीर माफी. रोप मी रुमालात गुंडाळून घरी आणलं. कुंडीत लावू का विचारल्यावर घरातून जे उत्तर आलं ते छापण्यासारखं नाही.

काच बसली. रंगाला किंचित हिरवट आहे, जवळून बघितलं तर कळतं. फिटिंगचे ३,५०० घेऊन फिटरने हातात किल्ली दिली आणि बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला.

“एक बात याद रखना साब. इसको खोलना मत.”

“क्यों?”

“खुलेगा. बंद होगा के नहीं, मालूम नहीं.”

म्हणजे १२,००० रुपये खर्चून माझ्याकडे आता टप आहे.

जागा तीच, माड तोच. शेंड्याकडे बघितलं तर घोस चांगला भरलेला. म्हणून रोज रात्री मी टपावर आईची जुनी गोधडी चौपदरी घालतो आणि चारी टोकांना विटा ठेवतो. काल ती पसरत असताना काका फाटकातून आत आले. थांबले. गोधडी हाताने दाबून बघितली, मग वर घोसाकडे बघितलं, मग पुन्हा गोधडी दाबली.

“हे बरं केलंत,” म्हणाले. “आता त्याला लागणार नाही.”