आगोट, मुक्काम टँपा

फ्लोरिडात वादळांचा मोसम तारखेबरहुकूम चालतो. १ जूनला सुरू, ३० नोव्हेंबरला बंद. सासूबाईंचा व्हिसावरचा मुक्कामही साधारण तेवढाच असतो आणि दोन्ही एकदमच येतात, हा निव्वळ योगायोग आहे असं मी नवऱ्याला सांगून ठेवलंय.

आई श्रीवर्धनच्या. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ने त्यांच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या केल्या आणि कौलं शेजारच्या आळीत नेऊन टाकली. त्यामुळे वादळ या विषयात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, वादळाच्या तयारीची यादी त्यांनी चष्मा लावून वाचली. माणशी दिवसाला १ गॅलन (पावणेचार लिटर) पाणी, न शिजवता खाता येईल असं डबाबंद अन्न, हाताने चालणारा कॅन ओपनर, टॉर्च, बॅटऱ्या, औषधं, कागदपत्रं.

“अगो, यात चहा कुठाय?”

प्रश्न बिनतोड होता. शेगडी विजेवरची, म्हणजे वीज गेली की चहाही गेला. कॅम्पिंगची गॅसशेगडी होती, पण ती घरात पेटवायची नाही. जनरेटरही घरापासून २० फूट लांब, कारण वादळातून वाचलेली माणसं नंतर बंद घरात कार्बन मोनॉक्साइडने गेल्याची उदाहरणं इथे दरवेळी ऐकू येतात. हे सगळं मी जीव तोडून समजावलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग थर्मास भरून ठेव.”

त्यांची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, बॅगेतून आलेली होतीच. मेतकूट, फणसपोळी, आंबोशी, पोह्याचे पापड. माझी मात्र दुकानात उरलेल्या मालावर. तिथे पाणी, ब्रेड आणि टॉयलेट पेपर हे तीन प्रकार आधी संपतात. पाणी-ब्रेड समजू शकते. टॉयलेट पेपरचं कोडं मला सुटलेलं नाही. वाऱ्याने पोट बिघडतं अशी इथे समजूत असावी. “आपल्याला काय, टमरेल आहे,” आई म्हणाल्या. पण यादीतल्या १ गॅलनात टमरेल भागत नाही! म्हणून बाथटब काठोकाठ भरला, शिवाय पातेली, कळशी, कुकरची भांडी आणि इडलीपात्र.

नवऱ्याकडे हवामान खातं. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ असं चार वेळा अंदाज काढतं, आणि आमची जेवणं त्याप्रमाणे मागेपुढे सरकतात. नकाशावरचा तो पांढरा शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठे जाईल एवढंच सांगतो. वारा, पाऊस आणि किनाऱ्यावर चढणारं पाणी त्या रेघेबाहेरही पोचतं. तरी शंकू चार बोटं सरकला की “सुटलो!” म्हणून हा सोफ्यावरून उठणार. वर अंदाज वर्तवणारं अमेरिकन मॉडेल वादळाला दूर वायव्येला पेन्साकोलाकडे नेतं तेव्हा युरोपियन मॉडेल ते आमच्या ड्राइव्हवेत आणून सोडतं. हा अमेरिकेचा नागरिक झालाय, पण वादळाच्या बाबतीत निष्ठा युरोपला वाहिलेली.

खरी परीक्षा शटरची. गॅरेजमध्ये पन्हळी अॅल्युमिनियमचे पत्रे रचून ठेवलेले असतात. एकेक पत्रा उचलायचा, खिडकीवरच्या पट्टीत वर सरकवायचा, खालची भोकं बोल्टांवर बसवायची आणि कानवाले नट आवळायचे. पुढच्या पत्र्याची कड आधीच्या कडेवर चढली पाहिजे. उलटं लावलं की शेवटच्या पत्र्याला बोल्टच उरत नाही. घराच्या आधीच्या मालकाने प्रत्येक पत्र्यावर मार्करने खिडकीचं नाव लिहिलं होतं. उन्हाने त्यातलं नेमकं नाव उडालंय आणि ‘डावीकडून दुसरा’ तेवढं राहिलंय. ऑक्टोबरातही इथे अंगाची काहिली होते. शिडीवर नवरा, खाली नट घेऊन मी, आणि खुर्चीत आई: “श्रीवर्धनला झाप बांधायचे, तासाभरात काम व्हायचं.”

२०२४ साली हे सगळं लागोपाठ दोनदा झालं. पितृपक्षात हेलीन नावाचं वादळ येऊन गेलं. त्याने भिजवलेले सोफे आणि गाद्या सखल भागात रस्त्याकडेला पडून होत्या, तोवर नवरात्रात मिल्टनची वर्दी.

“मिल्टन?” आई म्हणाल्या. “थर्मासवाला?”

सेंट पीटर्सबर्गच्या वहिनींचं घर ए झोनमध्ये, म्हणजे घर सोडायचा पहिला हुकूम त्यांना. पण त्यांच्याकडे घट बसलेला. बसलेला घट हलवायचा नाही हा शास्त्राधार काउंटीला मान्य नव्हता. शेवटी वहिनी पूल ओलांडून आमच्याकडे आल्या त्या पुढच्या सीटवर घटाला पट्टा बांधून. भावोजी मागे, मांजराचा पिंजरा मांडीवर. अखंड दिवा तेवढा आणता आला नव्हता, कारण डिकीत पेट्रोलचे कॅन. वहिनी रडकुंडीला आलेल्या. “आपत्काले मर्यादा नास्ति,” असं म्हणून आईंनी बॅटरीवरचा दिवा घटापुढे ठेवला. यादीतल्या बॅटऱ्यांचा पहिला उपयोग तो.

आमच्या देवांचा प्रश्न त्याहून बिकट. इथले लोक अल्बम, कागदपत्रं डिशवॉशरमध्ये ठेवतात. दार घट्ट बसतं म्हणून. “खरकट्याच्या यंत्रात देव?” आईंनी एका वाक्यात विषय संपवला. मग देव सोवळ्यात गुंडाळून पाच लिटरच्या कुकरमध्ये गेले, गॅस्केट लावून. झाकण लागल्यावर आई पुन्हा आल्या. “शिट्टी काढून ठेव. गुदमरतील.”

मिल्टन ९ ऑक्टोबरच्या रात्री आमच्या दक्षिणेला, सिएस्टा की इथे किनाऱ्यावर चढलं. टँपा बेच्या खाडीत पाणी घुसायच्या ऐवजी वाऱ्याने उलट बाहेर ओढून नेलं. पलीकडे सेंट पीटर्सबर्गला बेसबॉल स्टेडियमचं छत फाटलं. आमचं फक्त मागचं कुंपण आडवं झालं, आणि वीज गेली ती गेलीच. चहा अंगणात.

कुंपणासाठी नवऱ्याने विमा कंपनीला फोन लावला आणि बराच वेळ होल्डवरचं संगीत ऐकलं. मग आईंना समजावत बसला: हरिकेनसाठी वेगळी वजावट असते, घराच्या विमा रकमेच्या २ टक्के. म्हणजे ४ लाख डॉलरचा विमा असेल तर पहिले ८ हजार आपले. कुंपण त्याच्या आतलं, म्हणून कंपनी काही देणार नाही.

“मग हप्ता कशाचा भरता?”

“छत उडालं तर, आई.”

“आमचं उडालं तेव्हा तलाठी घरी येऊन पंचनामा करून गेला,” आई म्हणाल्या. “चहासुद्धा घेतला नाही त्याने.”