चाड्यावरची मूठ आणि सातबाऱ्यावरचे नाव

‘पाऊस बाई-पुरुष पाहून पडत नाही, बायका शेतात नुसता हातभार लावतात, आणि त्यांची नावे सातबाऱ्यावर चढवून काही ढग येणार नाहीत,’ अशा आशयाचा मजकूर शेतीविषयक गटांमध्ये वारंवार फिरत असतो.

पाऊस भेद करत नाही, हे खरे. नुकसान मात्र सारखे होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार, उष्णतेच्या ताणामुळे स्त्रीप्रमुख ग्रामीण कुटुंबांना पुरुषप्रमुख कुटुंबांपेक्षा 8 टक्के अधिक उत्पन्न गमवावे लागते.

‘हातभार’ हा शब्द वापरणाऱ्याने तिफणीची पेरणी बहुधा पाहिलेली नसावी. बैल पुरुष हाकतो, पण चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाटीवर, मूठ पुष्कळदा बाईची असते, आणि बी दाट पडणार की विरळ, हे तिच्या बोटांवर ठरते. पुढची खुरपणी आणि कापसाची वेचणी तर तिच्याच वाट्याची. 2017-18 च्या श्रमबल पाहणीत ग्रामीण भागातील कामकरी स्त्रियांपैकी सुमारे 73 टक्के शेतीत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण 55 टक्के होते.

खरा वाद सातबाऱ्याचा आहे. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील जेमतेम 14 टक्के वहिती खाती स्त्रियांची होती. नावाने ढग येत नाहीत, हे मान्य. पण ढग न आल्यावर जे लागते, म्हणजे पीककर्ज, नुकसानभरपाई किंवा पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये, ते प्रामुख्याने जमिनीच्या नोंदीवरच मिळते. नवरा ऊसतोडीला किंवा शहरात गेलेला, जमीन सासऱ्याच्या नावावर आणि दुबार पेरणी डोक्यावर, अशा वेळी बियाण्यासाठी कर्ज मागायला गेलेल्या बाईला ‘मालकांना पाठवा’ एवढेच उत्तर मिळते. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल, तर मोटार सुरू करायला तिने एकटीने रानात जाणे घरालाच रुचत नाही. मग विहिरीत पाणी असूनही पीक सुकते आणि दोष मात्र हवामानाच्या माथी जातो.

बायकांच्या नावे जमीन करण्याचे हे खूळ बाहेरून आले, असेही त्याच मजकुराखाली कोणी जोडतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’तून घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करायला हजारो शेतकऱ्यांना प्रवृत्त केले, एवढे आठवले तरी पुरे.

नावापेक्षा निर्णय मोठा, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अधिक विचार करण्याजोगा ठरेल. मराठवाड्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामात स्त्रियांनी घरच्या जमिनीतला सुमारे एक एकर मागून घेतला आणि नगदी पिकाऐवजी त्यात कमी पाण्यावर येणारी धान्ये, डाळी व भाज्या लावल्या, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती राहते आणि चूल पेटते. या संस्थेला 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तो एकर मात्र त्यांना आपल्याच घरात मागावा लागला, आणि त्याचा सातबारा त्यांच्या नावावर असतोच असे नाही.