‘मालकाला सांगून टाका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील कामगारांच्या आणि तरुण मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांतून मानसिक आजाराविषयीचा एक संदेश सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा मथितार्थ असा: मानसिक आजार ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून नोकरीला लागताना, किंवा आजार नंतर उद्भवला असेल तर तो कळताच, मालकाला सांगून टाकावे. न सांगणे ही फसवणूक ठरते; तसेही डॉक्टरांकडून मालकाला कळतेच. २०१७ च्या कायद्यामुळे आता कोणालाही या कारणावरून कामावरून काढता येत नाही. सांगितले की रात्रपाळी आणि रजा यांत सवलत मिळते. शिवाय सगळ्यांनी असे उघड सांगितल्याशिवाय समाजातला कलंक जाणार नाही. आजाराची लाज वाटू नये हे यातले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि संदेश लिहिणाऱ्याचा हेतूही चांगलाच असावा. परंतु हा सल्ला ऐकून जो बोलेल त्याचीच रोजीरोटी पणाला लागणार असल्यामुळे त्यातला प्रत्येक दावा तपासून घेणे आवश्यक आहे.

पहिला दावा फसवणुकीचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या दिली आहे आणि तिच्याच स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, समोरच्याच्या संमतीवर परिणाम होऊ शकेल अशा बाबीविषयी केवळ गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. बोलण्याचे कर्तव्यच असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणजे कोणी विचारलेले नसताना आपल्या आजाराचे नाव न सांगणे हा गुन्हाही नाही आणि लबाडीही नाही. विचारल्यावर खोटे उत्तर लिहून सही करणे ही मात्र निराळी बाब आहे, कारण तो कागद पुढे आपल्याच विरोधात वापरता येतो. सीमाभागात इथेच खरी अडचण होते. भरतीच्या वेळी पुढे ठेवलेला वैद्यकीय माहितीचा अर्ज बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, मराठी शाळेत शिकलेला मुलगा कारकून दाखवील तिथे खुणा करतो आणि आपण कशाला ‘नाही’ म्हटले हे त्याला घरी आल्यावरही माहीत नसते. असा अर्ज घरी नेऊन, कोणाकडून तरी शब्दशः वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये. आजाराविषयीचा प्रश्न त्यात असेल तर खोटे लिहिण्याऐवजी, ही माहिती फक्त तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना देईन, असे सांगण्याचा मार्ग मोकळा असतो. काही ठिकाणी मात्र सांगणे खरोखरच बंधनकारक असते. वाहन परवान्यासाठी द्यावयाचे आरोग्याचे घोषणापत्र, स्वतःच्या नावाने आरोग्य विमा घेतानाचा प्रस्ताव अर्ज, आणि सैन्यभरतीसारखी वैद्यकीय निकष ठरलेली नोकरी ही त्याची उदाहरणे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे आपल्याकडील कितीतरी मुले त्या भरतीची तयारी करतात. त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

डॉक्टरांकडून मालकाला कळतेच, हा दावा थोडक्यात निकालात निघतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्यात आहेत आणि मालकाची उत्सुकता त्यांत बसत नाही. एक गोष्ट मात्र संदेशात नाही आणि ती असायला हवी होती: डॉक्टर बोलले नाहीत तरी कागद बोलतो. धारवाडचे जुने मनोरुग्णालय आज डिमहान्स या नावाने चालते आणि आपल्या भागातील अनेकांना तिथल्या उपचारांनी बरे वाटले आहे. तरीही त्या नावाचे किंवा ‘मनोविकारतज्ज्ञ’ असे छापलेले प्रमाणपत्र रजेच्या अर्जाला जोडले की आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. सर्वसाधारण रुग्णालयात उपचार चालू असतील तर त्या रुग्णालयाच्या नावाचे, निदान न लिहिलेले प्रमाणपत्र मागता येते. ते मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता कायद्याच्या संरक्षणाविषयी. सर्वांत जास्त नुकसान याच दाव्यामुळे होऊ शकते, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. २९ मे २०१८ रोजी अंमलात आलेला २०१७ चा अधिनियम हा उपचारांविषयीचा कायदा आहे. उपचार मिळण्याचा हक्क, शारीरिक आजाराच्या बरोबरीची वागणूक, विमा, गोपनीयता, दाखल करण्याची पद्धत हे त्याचे विषय आहेत. खासगी मालकाने कामावरून काढू नये अशी तरतूद त्यात नाही. नोकरीशी संबंधित तरतुदी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहेत. त्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मानसिक आजाराचा समावेश आहे, पण विचारशक्ती, मनःस्थिती, आकलन किंवा स्मृती यांत मोठा बिघाड होऊन निर्णयशक्ती, वर्तन किंवा दैनंदिन गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे बाधित झाली असेल अशीच स्थिती तिथे अभिप्रेत आहे. गोळ्या नियमित घेऊन व्यवस्थित काम करणारा नैराश्याचा रुग्ण या व्याख्येत बसेलच असे नाही. सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याचा दर्जा कमी करता येणार नाही, गरज पडल्यास त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर घ्यावे लागेल, ही तरतूद याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. परंतु त्या कलमाचे शब्द ‘शासकीय आस्थापना’ असे आहेत. जिल्हा पंचायतीचा लिपिक आणि सरकारी शाळेतील शिक्षिका यांना तिचा आधार आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंग करणाऱ्याला, मच्छे गावच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत आलेल्याला किंवा निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला तो आधार तसाच्या तसा मिळत नाही. खासगी आस्थापनांना भेदभावाची सर्वसाधारण मनाई, समान संधी धोरणाची सक्ती आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भेदभावाच्या तक्रारीला लेखी उत्तर देण्याचे बंधन आहे. हे काहीच नाही असे मी म्हणत नाही. परंतु ‘कोणीही काढू शकत नाही’ या वाक्याचे वजन त्याने पेलत नाही, विशेषतः १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणावरून सेवा संपवणे हे ‘कामगार कपात’ या संज्ञेतून वगळलेले असताना आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो अपवाद कायम ठेवलेला असताना. त्या अपवादामुळे कपातीसाठी ठरवलेली नोटीस आणि भरपाई यांचे संरक्षण तिथे लागू होत नाही.

न्यायालये सहानुभूतीने पाहत नाहीत असेही नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी असा निर्णय दिला की, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर त्या दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. हा निर्णय महत्त्वाचा आहे आणि तो लोकांना माहीत असला पाहिजे. मात्र ते प्रकरण २०१० मधल्या घटनेचे होते. सरकारी सेवेतील अधिकाऱ्याला न्याय मिळायला अकरा वर्षे लागतात, तर ज्याला हजेरीपुस्तकात नाव नसताना ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच सांगितले जाते त्याने कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या पैशावर लढायचे? परिवीक्षा (प्रोबेशन) काळात तर ‘काम समाधानकारक नाही’ हे एक वाक्य पुरते आणि त्यामागे आजार होता हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून नोकरी कायम होण्याआधी, गरज नसताना, तोंडी सांगून टाकणे हा सगळ्यांत असुरक्षित पर्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

सांगितले की सवलत मिळते, या दाव्यात अर्धे तथ्य आहे, पण सवलत मागण्यासाठी आजाराचे नाव सांगावे लागते हे त्याने गृहीत धरले आहे. मालकाला निदानाशी कर्तव्य नसते. कोण कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर काम करू शकेल एवढे त्याला कळावे लागते. नैराश्य आणि उन्माद (अवास्तव उत्साह) यांचे झटके येणाऱ्या द्विध्रुवीय विकारात झोप मोडणे हे उन्मादाचा झटका येण्याचे एक नेहमीचे कारण आहे, त्यामुळे अशा रुग्णाला फिरत्या पाळ्या किंवा सलग रात्रपाळी घातक ठरू शकते. ‘वैद्यकीय कारणास्तव सहा महिने रात्रपाळी देऊ नये, महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी रजा मिळावी’ एवढ्या मजकुराचे प्रमाणपत्र यासाठी पुरेसे असते. अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर पोचेची सही आणि तारीख घ्यावी, आणि तो मुकादमाकडे न देता कार्यालयात द्यावा. बेळगावच्या आसपासच्या कारखान्यांत सुपरवायझर बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या गावचा असतो. त्याला दुपारी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी गल्लीत पोचते आणि बहिणीच्या स्थळापर्यंत जाते. शहरातल्या मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या सल्ल्याला हे ठाऊक नसते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट त्या संदेशात मुळीच नाही. आजाराविषयी मालकाला सांगण्याच्या आधी आपल्या कामाविषयी डॉक्टरांना सांगितले पाहिजे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘कंपनीत आहे’ एवढेच उत्तर दिले जाते आणि औषध लिहून होते. लिथियम हे द्विध्रुवीय विकारावरचे औषध घेणारा माणूस भट्टीजवळ आठ तास घाम गाळत असेल आणि पाणी पुरेसे पीत नसेल तर रक्तातील लिथियमची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. हात कापणे, जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही तिची लक्षणे आहेत. कंबरदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही ही पातळी वाढते, आणि फाउंड्रीत कंबर दुखत नाही असा कामगार विरळाच. ओलान्झापिन, क्वेटियापिन, क्लोनाझेपाम यांसारख्या औषधांनी सुस्ती येते; प्रेसवर किंवा क्रेनवर काम करणाऱ्याच्या बाबतीत गोळीची वेळ, मात्रा किंवा औषधच बदलावे लागेल का, हे डॉक्टरांना काम माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. डॉक्टरांनी सगळे ऐकून, हे काम सध्या धोक्याचे आहे असे सांगितले, तर तेव्हा सांगणे भाग आहे. कारण चुकलेल्या हाताखाली शेजारचा कामगारही सापडू शकतो. अशा वेळीही कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी असतील तर त्यांना सांगावे आणि खात्याला फक्त कामातला बदल कळवावा.

रजेविषयीही असेच आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापल्या जाणाऱ्या कामगाराला वर्गणीच्या अटी पूर्ण झाल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो; दीर्घ आजारांच्या यादीत मनोविकृतीचाही (वास्तवाचे भान सुटणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचाही) समावेश असून त्यासाठी दीर्घ सेवेच्या अटीवर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ देण्याची तरतूद आहे. पगारातून दरमहा होणाऱ्या कपातीतून मिळालेला हा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. तो हक्क माहीत नसल्यामुळे कित्येक जण ऐन आजारात राजीनामा देऊन मोकळे होतात आणि मग काहीच हाती लागत नाही.

राहिला कलंकाचा मुद्दा. माणसे उघड बोलू लागली की भीती कमी होते हे खरे आहे, आणि ज्याची नोकरी पक्की आहे, घर पाठीशी आहे, त्याने बोलावे असे मलाही मनापासून वाटते. पण कलंक घालवण्याचे ओझे हातावर पोट असलेल्या, आधीच आजाराशी झुंजणाऱ्या माणसाने उचलावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याने बोलायचे असेल तर आधी विश्वासाच्या एका माणसाशी, डॉक्टरांशी, किंवा कोणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर बोलावे. तिथे भाषा निवडता येते. मालकांचे काम वेगळे आहे आणि ते त्यांनी कोणाच्या आजाराचे नाव कळण्याची वाट न पाहता करायचे आहे. दिव्यांग हक्क नियमांनुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचे असते. संकेतस्थळ नसेल तर कारखान्यात ठळक जागी लावायचे असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर विशेष रजा, सोयी आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख त्यात असावा लागतो. उद्यमबाग, मच्छे, काकती इथल्या किती कारखान्यांच्या सूचनाफलकांवर असा कागद आहे, हे तिथे काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी पाहावे. नसेल तर तो लावण्याची लेखी मागणी करावी, आणि तो कन्नडबरोबर मराठीतही असावा असा आग्रह धरावा. ही मागणी करण्यासाठी कोणालाही स्वतःच्या आजाराविषयी एक शब्दही बोलावा लागत नाही.